वापरातल्या वस्तूंवर चित्रं काढून द्यायचीत? नागपुरात नवीन सुरुवात करणाऱ्यांसाठी सगळं एका जागी

मी हे काम करते म्हणून नवीन मुलंमुली सारखं विचारतात, ताई सुरुवात कशी करू, कोणता रंग घेऊ, पैसे किती सांगू. प्रत्येकाला वेगवेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवते. चित्र बऱ्यापैकी काढता येतं, पण ते डब्यावर, कपावर, पिशवीवर, लाकडावर टिकवायचं कसं आणि लोकांच्या ऑर्डरी घ्यायच्या कशा हे कोणी सांगितलेलं नाही, अशांसाठी हे आहे. लांब झालंय, पण घाईघाईत वाचू नका, विशेषतः ३ आणि ४ नंबर.

१. लोकं चित्र कशासाठी मागतात ते आधी समजून घ्या

आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची जुनी पद्धत आहे. घरातली कुठलीही जुनी परात नाहीतर स्टीलचा डबा उचलून बघा, काठाजवळ बारीक ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं असतं, कोणाकडून कोणाला, लग्नाची तारीख, कधी कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. डबा दुकानातल्या बाकी डब्यांसारखाच असतो पण नाव घातलं की तो त्या घराचा होतो, आणि मग तो शेजारी गेला तर परत येईपर्यंत आईला चैन पडत नाही. तुमच्याकडे येणारा माणूस हेच मागत असतो, फक्त नावाऐवजी चित्र.

फोटो छापलेला कप सीताबर्डीवर कुठेही मिळतो, पटकन मिळतो आणि स्वस्त मिळतो. तरी लोकं हाताने काढलेलं मागतात कारण त्यात दिसतं की कोणीतरी आपल्या माणसाबद्दल बसून विचार केलाय. फोटोत बाबा जसे दिसतात तसे येतात, चित्रात मात्र तुम्ही ठरवू शकता की बाबांचा चश्मा कपाळावर ठेवायचा, कारण ते तसाच ठेवतात आणि मग घरभर शोधतात. ते बघून घरातले जे हसतात ना, त्यासाठी लोकं पैसे देतात, आणि मला हे फार मोठं काम वाटतं.

दुसरं म्हणजे वस्तू रोज हातात येते. भिंतीवरच्या फ्रेमकडे काही दिवसांनी कोणी बघतही नाही, चहापत्तीचा डबा मात्र दिवसातून चार वेळा उघडला जातो. म्हणून दोन गोष्टी सांभाळायच्या. चित्रातला बारकावा त्याच घरातला पाहिजे, आणि चित्र रोजच्या वापरात टिकलं पाहिजे. पुढचं सगळं ह्या दोन गोष्टींसाठीच आहे.

२. सुरुवातीला एकच वस्तू धरा

नवीन माणूस पहिल्याच महिन्यात कप, पिशव्या, बूट, केटली, नेमप्लेट, हेल्मेट सगळ्याच्या ऑर्डरी घेतो. प्रत्येक पृष्ठभागाला वेगळी तयारी, वेगळा रंग, वेगळं वार्निश लागतं, त्यामुळे पैसे सामानातच जातात आणि हात कशावरच बसत नाही. एक वस्तू निवडा, ती स्वतःच्या घरात दोन-तीन महिने वापरा, धुवा, घासा, उन्हात ठेवा, मग दुसरीकडे वळा.

माझं मत विचाराल तर कापडी पिशवी किंवा कोरड्या सामानाचा डबा, ह्या दोन्हींपैकी एक. पिशवीला भट्टी लागत नाही, फुटत नाही, पाठवायला सोपी. डब्याला तयारी जास्त लागते पण लोकांचा जीव डब्यात जास्त अडकतो.

हेल्मेट मात्र घेऊ नका. हेल्मेटचं कवच बऱ्याचदा एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटसारख्या प्लास्टिकचं असतं आणि थिनर किंवा थिनर असलेला स्प्रे त्याला आतून कमजोर करू शकतो, वरून काही दिसत नाही. कॉलेजची पोरं खूप आग्रह करतात, तरी नाहीच म्हणा.

३. सामान आणि कोणत्या वस्तूची तयारी कशी

आधी सगळ्यांना लागणारं सामान:

- ॲक्रिलिक रंग, चांगल्या कंपनीचे पण थोडे: टायटॅनियम व्हाइट, काळा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, एक लाल, एक पिवळा, थॅलो ब्लू. बाकीचे ह्यातून बनतात
- ब्रश: एक चपटा, एक गोल, आणि एक लांब केसांचा लायनर, ह्या लायनरवर पैसे वाचवू नका
- सँडपेपर १८०, ३२० आणि ४०० नंबर
- सर्जिकल स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापूस
- मास्किंग टेप, ट्रेसिंग पेपर, पांढरा आणि काळा कार्बन
- वस्तूप्रमाणे प्रायमर (रंग धरावा म्हणून आधी लावतात तो थर), फॅब्रिक मीडियम (कापडासाठी रंगात मिसळायचं), वार्निश (चित्र टिकावं म्हणून सगळ्यात वर लावतात ते)
- बटर पेपर (पॅकिंगमध्ये कामाला येतो, खाली सांगते)

रंग आणि ब्रश सीताबर्डीच्या स्टेशनरी दुकानांत मिळतात, डबे-भांडी इतवारीत ठोकच्या दुकानात घ्या, कापड गांधीबागेत. पहिल्यांदा जाल तेव्हा एकाच प्रकारचे भरपूर डबे उचलू नका, दोन-तीन वेगवेगळे आणा आणि झाकण घट्ट बसतं का, अंगावर उठावाच्या रेघा तर नाहीत ना ते बघा, रेघांवर चेहरा काढणं म्हणजे डोकेदुखी आहे.

आता एकेक.

कापड. सुती घ्या. पॉलिस्टरवर रंग धरत नाही आणि त्याला गरम इस्त्रीही चालत नाही. नव्या कापडाला खळ असते, ती असेपर्यंत रंग वरच्यावर बसतो आणि दोन धुण्यांत पापुद्रे निघतात, म्हणून आधी साबणाने धुऊन वाळवा, फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको. पिशवीच्या आत पुठ्ठा सरकवा नाहीतर रंग मागच्या बाजूला झिरपतो. ॲक्रिलिकमध्ये फॅब्रिक मीडियम बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मिसळा, ते नसेल तर चित्र कडक होऊन घडीवर तडकतं. एक पूर्ण दिवस वाळू द्या, मग उलट्या बाजूने, वाफ बंद ठेवून, गरम इस्त्री फिरवा. त्यानंतरही पहिलं धुणं तीन-चार दिवसांनीच.

स्टीलचा डबा. स्टील गुळगुळीत असतं, त्यावर नुसता ॲक्रिलिक लावला तर नखाने सोलून निघतो. नवीन डब्यावर कारखान्यातला तेलकटपणा असतो, तो भांड्याच्या साबणाने घालवा, मग जिथे चित्र काढायचंय तेवढाच भाग टेपने आखून ४०० नंबरच्या सँडपेपरने चमक जाईपर्यंत घासा, स्पिरिटने पुसा, आणि पुसल्यानंतर तिथे बोट लावू नका. मेटल प्रायमरचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला की ओघळ येतो. त्यावर रंग, त्यावर वार्निशचे दोन-तीन पातळ हात. आतून आणि झाकण फिरतं त्या काठावर रंग नेऊ नका, अन्नाला रंग लागता कामा नये आणि काठावरचा रंग तसाही झाकणाने खरवडला जातो.

इथे एक गोष्ट घरातली बाई म्हणून सांगते. आपल्याकडे भांडी तारेच्या घासणीने घासली जातात. तुम्ही ग्राहकाला कितीही सांगा, भांडी घासायला येणाऱ्या मावशींना कोण सांगणार? म्हणून ताट, वाटी, टिफिन असल्या रोज घासणीखाली जाणाऱ्या वस्तूंवर चित्र काढू नका, चहा, साखर, मेतकूट, रव्याचे डबे घ्या, ते महिनोन्महिने फक्त पुसले जातात. तांब्या-पितळेचं तर नकोच, ती भांडी चिंचेने उजळली जातात.

कप. चिनी मातीवर साधा ॲक्रिलिक टिकत नाही, पोर्सिलेनचे म्हणून वेगळे रंग मिळतात ते ओव्हनमध्ये भाजावे लागतात. बाटलीवर तापमान आणि वेळ लिहिलेली असते, बऱ्याच रंगांना १५० अंशावर ३५ मिनिटं अशी असते, आणि ती वेळ ओव्हन तापल्यावर मोजायची. कप थंड ओव्हनमध्येच ठेवा आणि बंद केल्यावर आतच गार होऊ द्या, बाहेर काढायची घाई केली की तडा जातो. नुसता मायक्रोवेव्ह चालत नाही. ओठ लागतात त्या कडेपासून दोन सेंटिमीटर तरी जागा कोरी ठेवा. मार्करने काढा, भाजा, झालं असे व्हिडिओ खूप फिरतात, साध्या मार्करचं चित्र धुता धुता जातं.

लाकूड. १८० ने घासा, मग ३२० ने, नेहमी रेषांच्या दिशेने, धूळ ओल्या फडक्याने पुसा, वूड सीलर किंवा पांढरा प्रायमर, मग रंग. आपल्याकडे लाकडात सगळ्यात गोड काम म्हणजे तान्हा पोळ्याचा बैल. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी लहान मुलांसाठी हा सण सुरू केला असं सांगतात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं आपापला लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. बऱ्याच घरांत आजोबांच्या वेळचा बैल असतो, रंग उडालेला, एक शिंग नवीन बसवलेलं, तो नातवासाठी परत रंगवून द्या म्हणून लोकं आणतात. असा बैल आला तर जुना रंग सगळा खरवडून टाकू नका. पोटाखालचा, पायामागचा जुना रंग तसाच ठेवून वरच्या झुलीवर नवीन काम करा, झुलीवर मुलाचं नाव, घरची काही खूण. आजोबा बैल हातात घेऊन आधी उलटा करून बघतात, जुना रंग दिसला की त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघण्यासारखं असतं. लहान मुलं वस्तू तोंडात घालतात, त्यामुळे इथे ऑइल पेंट नको, मुलांसाठी सुरक्षित असे लिहिलेले पाण्यातले रंग घ्या.

माठ. उन्हाळा लागला की माठ रंगवून द्या म्हणून फोन येतात आणि इथे बहुतेक नवीन लोकं फसतात. माठातलं पाणी गार होतं ते मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी झिरपून बाहेर वाळतं म्हणून. पूर्ण माठाला ॲक्रिलिक आणि वार्निश मारलं की ती छिद्रं बुजतात, माठ दिसतो सुंदर आणि पाणी राहतं कोमट, मग मे महिन्यात लोकं शिव्या घालतात. पाणी भरायचा माठ असेल तर फक्त गळ्याभोवती बारीक पट्टा काढा, नाहीतर गेरू आणि चुन्याने काढा, ते दर वर्षी परत काढावं लागतं पण माठ माठ राहतो. नुसता शोभेचा असेल तर काहीही करा.

४. ऑर्डर घेताना काय विचारायचं

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि इथेच नवीन लोकं सगळ्यात कमी वेळ देतात. ग्राहक म्हणतो, "ताई, आईबाबाचं चित्र पायजे, साधंच." तुम्ही फोटो मागवता, फोटोवरून दोन हसरे चेहरे काढता, खाली हॅपी ॲनिव्हर्सरी. चांगलं दिसतं, पण ते कोणाच्याही आईबाबांचं असू शकतं.

फोटो मागायच्या आधी पाच-सात मिनिटं फोनवर बोला. मेसेजवर लोकं तुटक लिहितात, बोलताना उलगडतात. मी साधारण असं विचारते:

- हे कोणासाठी, आणि ते दिवसभर काय करत असतात?
- त्यांच्या हातात नेहमी काय असतं?
- घरात त्यांची ठरलेली जागा कोणती?
- घरचे त्यांना कशावरून चिडवतात?
- वस्तू घरात कुठे राहणार, कोण वापरणार?
- काय अजिबात नको?

एका मुलाने आईबाबांसाठी चहापत्तीचा डबा मागितला होता, फोटो पाठवला तो लग्नातल्या स्टेजवरचा. बोलता बोलता निघालं की आई शाळेत शिक्षिका होती आणि बाबा रोज तिला लुनावर सोडायचे, बरीच वर्षं. मी विचारलं पिशवी कुठे ठेवायच्या, तर तो म्हणाला, "हँडलले, वायरची पिशवी होती ना हिरवी, त्यात वह्या तपासाले आणायची." मग चित्र तेच झालं. पुढे बाबा, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, मागे आई तोंडाला स्टोल बांधून एका बाजूला बसलेली, फक्त डोळे दिसताहेत, आणि हँडलला हिरव्या वायरची पिशवी, तिच्यातून वह्यांचे कोपरे बाहेर. चेहरे जवळजवळ नाहीतच. तरी डबा बघितल्या बघितल्या आईने पिशवीवर बोट ठेवलं म्हणे. दुपट्टा आणि स्टोल हा आपला नागपूरचा उन्हाळा, तो सांगावा लागत नाही, बघणाऱ्याला कळतो.

म्हणून एकच बारकावा पकडा आणि तो नीट काढा. लोकं उत्साहात सगळं सांगतात, कुत्रा पण टाका, तुळस पण टाका, आमची जुनी स्कूटर पण, आणि मागे झिरो माइलचा खांब. एवढ्याशा डब्यावर ते सगळं खिचडी होतं. प्रेमाने समजावून सांगा की एक मोठं घेऊ, दुसरं लहान कुठेतरी झाकणावर लपवू. झाकणाची वरची बाजू किंवा डब्याचं बूड असं लपवायला छान जागा असते.

गेलेल्या माणसाचं चित्र मागितलं तर जरा जपून. आधी विचारा घरात सगळ्यांना माहीत आहे का, की भेट म्हणून अचानक देणार. काही जणांना असं अचानक बघणं फार जड जातं. अशा वेळी चेहऱ्याऐवजी त्यांची वस्तू सुचवा, चष्म्याचं घर, पानाचा डबा, सायकल. बऱ्याचदा घरच्यांनाही तेच बरं वाटतं.

५. स्केच, ॲडव्हान्स आणि लेखी

पेन्सिलचं स्केच वस्तूवरच किंवा वस्तूच्या मापाच्या कागदावर काढून फोटो पाठवा आणि नाव-तारखांचं स्पेलिंग त्यांच्याकडून टाइप करून घ्या, फोनवर ऐकून लिहू नका, दीपाली आणि दिपाली ह्यावरून अख्खा डबा पुन्हा रंगवावा लागतो. स्केचमध्ये दोन वेळा बदल फुकट, पुढे पैसे, हे आधीच सांगून ठेवा. अर्धे पैसे आधी. ओळखीचे असले तरी, विशेषतः ओळखीचे असले तर.

आणि एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे कोणी पैसे देऊन तुमच्याकडून पेंटिंग किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर त्या चित्राचा पहिला हक्क ऑर्डर देणाऱ्याचा असतो. म्हणजे तेच चित्र तुम्ही परत दुसऱ्या वस्तूवर छापून विकलं किंवा पेजवर टाकलं तर तो हरकत घेऊ शकतो. म्हणून ॲडव्हान्सच्या वेळीच मेसेजमध्ये साधं लिहून घ्या की चित्राचा हक्क माझ्याकडे राहील, मी फोटो टाकू शकेन, आणि तुम्ही वस्तू हवी तशी वापरू शकता. त्यांनी ओके लिहिलं की तो मेसेज जपून ठेवा. घरच्या माणसांचे चेहरे असतील तर फोटो टाकायच्या आधी तरीही एकदा विचारा.

६. कोणाचं चित्र काढायचं नाही

सगळ्यात जास्त मागणी असते कार्टूनची, लहान मुलांच्या बाटल्यांवर. ती पात्रं कंपन्यांच्या मालकीची असतात, पैसे घेऊन काढून देणं हे उल्लंघन आहे, मग तुम्ही हाताने काढा की मशीनने. तसंच इंटरनेटवरून दुसऱ्या चित्रकाराचं काम पाठवून "असंच पाहिजे" म्हणणारे असतात. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले, त्यांची चित्रं आता मोकळी आहेत. हयात गोंड चित्रकाराचं चित्र मात्र मोकळं नाही, लोककला आहे म्हणून कोणाचंही उचला असं होत नाही. ज्या पोराची बाटली आहे त्याला वाघ आवडतो ना, मग त्याला विचारा वाघ काय करतोय, आणि तो वाघ काढा. पेंच, ताडोबा इथून असं कितीसं लांब आहे, आपल्याला वाघ कोणाचा उसना घ्यायची गरज नाही.

७. प्रत्यक्ष रंगवताना, नागपूरच्या हवेत

ॲक्रिलिक पाणी उडून वाळतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, पारा ४५ च्या वर गेलेला असताना, पॅलेटवरचा रंग ब्रश उचलेपर्यंत वाळतो. एका चपट्या डब्यात ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग घ्या, तासन् तास ओला राहतो. कूलरची हवा थेट वस्तूवर येऊ देऊ नका, एक तर धूळ चिकटते आणि त्यातला ओलावा वार्निशवर पांढरट झाक आणतो. पावसाळ्यात तीच भानगड, जुलै-ऑगस्टमध्ये वार्निश सकाळी पाऊस नसेल अशा दिवशी मारा आणि दोन हातांच्या मध्ये वार्निशच्या डब्यावर लिहिलेल्यापेक्षा जास्त वेळ सोडा. हाताला कोरडं लागलं म्हणजे आतून वाळलं असं नाही, पूर्ण घट्ट व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, डिलिव्हरीची तारीख देताना हे धरा.

उन्हात राहणाऱ्या वस्तू, म्हणजे नेमप्लेट, कुंड्या, ह्यांना फ्लोरोसंट रंग वापरू नका, ते पार उडतात. काही गुलाबी आणि क्रिमसनही लवकर फिके होतात. ट्यूबवर लाइटफास्टनेस, म्हणजे रंग उजेडात किती टिकतो ते, लिहिलेला असतो, १ किंवा २ असेल ते घ्या. ऑकर, सिएना असे मातीचे रंग आणि थॅलो निळा-हिरवा उन्हाला चांगले टिकतात.

रेघ शिकायची असेल तर गणपतीच्या आधी महालात चितारओळीत, मूर्तिकारांच्या गल्लीत, जाऊन उभे राहा. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी बघा, कारागीर श्वास रोखून, करंगळी मूर्तीला टेकवून, एका फटक्यात पापणीची रेघ ओढतात, ब्रश बोटांनी हलत नाही, मनगटासकट हलतो. ते करंगळी टेकवणं गोल डब्यावर काम करताना जसंच्या तसं कामी येतं. गर्दीच्या दिवसांत त्यांना प्रश्न विचारत बसू नका, नुसतं बघा.

८. पैसे किती सांगायचे

सामान + वेळ + पॅकिंग, एवढंच. समजा डबा १८० चा, रंग-प्रायमर-वार्निश मिळून ६०, पॅकिंग ४०. तुमचे ५ तास गेले आणि तासाचे १५० धरले तर ७५०. एकूण १,०३०. ह्यात फोनवरचा आणि स्केचचा वेळ पण धरा, तो कामच आहे. "अबे एवढे? डबा तं दोनशेचा हाय" असं कोणी म्हणालं तर रागावू नका आणि भावही पाडू नका, लहान काम सुचवा, पूर्ण डब्याऐवजी फक्त झाकण. तुम्ही पाडलेला भाव पुढच्या सगळ्यांना भोवतो, तुमच्यासारख्या दुसऱ्या मुलींनाही.

९. कागदपत्रं

सुरुवातीला फार काही लागत नाही. लागेल ते असं:

- आधार, पॅन, वेगळं बँक खातं (घरखर्चाच्या खात्यात मिसळू नका)
- उद्यम नोंदणी (लहान धंद्याची सरकारी नोंदणी): सरकारी पोर्टलवर आधार-पॅनवर होते आणि पूर्ण फुकट आहे. सर्च केल्यावर वर येणाऱ्या काही खाजगी साइट सरकारी असल्यासारख्या दिसतात आणि फी मागतात, तिथे पैसे भरू नका
- विकास आयुक्त (हस्तशिल्प) यांचं कारागीर ओळखपत्र, तुमचं काम त्यांच्या यादीतल्या हस्तकलेत बसत असेल तर. मेळ्यांमध्ये स्टॉलसाठी उपयोगी पडतं
- जीएसटी: राज्यातल्या राज्यात वस्तू विकताना वर्षाला ४० लाखांपर्यंत आणि सेवेला २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर पाठवायला लागलात की नियम वेगळे, तेव्हा सीएला विचारा

पीएम विश्वकर्मा योजनेचा फॉर्म भरून देतो म्हणणारे एजंट भेटतील. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेत १८ व्यवसाय आहेत, कुंभार, सुतार, मूर्तिकार, खेळणी बनवणारे वगैरे, चित्र काढणारे त्यात नाहीत. एजंटला पैसे देऊ नका.

आणि लहान मुलांची खेळणी बनवून विकायची असतील तर १ जानेवारी २०२१ पासून त्यांना बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आयएसआय मार्क सक्तीचा आहे. हस्तशिल्प विभागाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट दिलेली आहे. म्हणून नवीन बैल विकायच्या आधी ती नोंदणी बघा, लोकांनी आणलेला घरचा बैल रंगवून देणं वेगळं.

ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात भरतो, स्टॉल नाही मिळाला तरी जाऊन या. लोकं कशाला हात लावतात, कशासमोर थांबतात ते तासभर उभं राहून बघा.

१०. पॅकिंग आणि सोबतची चिठ्ठी

ताज्या वार्निशवर बबल रॅप थेट गुंडाळला आणि पार्सल दुपारी कुठल्या तरी गाडीत तापलं की फुग्यांचे गोल गोल ठसे चित्रावर उमटतात. आधी बटर पेपर, मग मऊ कापड, मग बबल रॅप. कप असेल तर खोक्यात खोकं आणि मध्ये कागदाचे बोळे, हलवून बघा, आवाज यायला नको.

प्रत्येक वस्तूसोबत काळजीची चिठ्ठी द्या, मराठीत, मोठ्या अक्षरात, कारण ती वाचणार घरातली मोठी माणसं. डब्यासाठी मी एवढंच लिहिते: ओल्या फडक्याने पुसा. धुवायचा झाला तर मऊ स्पंज आणि साधा साबण, तारेची घासणी नको. पाण्यात भिजत ठेवू नका. गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नका. पहिले तीन आठवडे चित्राच्या बाजूवर दुसरा डबा घासू देऊ नका. खाली लिहिते की टवका उडाला तर वर्षभरात कधीही घेऊन या, तेवढा भाग भरून देईन. हे लिहायला घाबरू नका, तयारी नीट केली असेल तर फार कमी डबे परत येतात, आणि येतात तेव्हा त्यातून नेमका कुठला भाग घरात जास्त हाताळला जातो ते कळतं. परत आलेला डबा भरून देताना त्यात आधीची चहापत्ती असेल तर वेगळी काढून ठेवा आणि परत त्यातच भरून द्या, रिकामा डबा कोणाला देऊ नका.